अर्थशास्त्र म्हणजे नेमकं कशाचं शास्त्र?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. आता नोकरीतल्या खात्यांतर्गत परीक्षेसाठी अर्थशास्त्र हातात घेतलंय आणि पहिल्याच प्रकरणात गाडी रुतली. प्रकरणाचं नाव 'अर्थ व व्याख्या'. ॲडम स्मिथची संपत्तीविषयक व्याख्या, मार्शलची कल्याणविषयक, रॉबिन्सची दुर्मिळताविषयक. तिघांची तोंडं तीन दिशांना. पुस्तक तिन्ही देतं, प्रत्येकीखाली 'टीका' देतं आणि निमूट पुढच्या प्रकरणाकडे निघून जातं. आमच्याकडे बलाच्या तीन व्याख्या देऊन 'पटेल ती घ्या' असं कोणी म्हणत नाही.

शिवाय पहिल्या ओळीत 'अर्थशास्त्र हे एक सामाजिक शास्त्र आहे' आणि दहाव्या पानापासून नुसते आलेख. सामाजिक कुठे गेलं? आणि 'जनक: ॲडम स्मिथ' म्हणजे १७७६ साली त्याचा ग्रंथ येण्याआधी कोणी या गोष्टींचा विचारच केला नव्हता का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. परीक्षेपुरतं नको, जरा विस्कटून सांगा.

जुनेपान
चांगला धागा. शब्दापासून सुरू करतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

'इकॉनॉमी'च्या मुळाशी ग्रीक 'ओइकोनोमिया' आहे. ओइकोस म्हणजे घर, दुसऱ्या भागात नियम, व्यवस्था, वाटप असा अर्थ. एकूण अर्थ घर चालवणं. पण ते घर म्हणजे दोन खोल्यांचा संसार नव्हे. शेतजमीन, कोठार, गुरं, गुलाम, सगळं त्यात आलं. झेनोफॉनचा या विषयावर एक संवाद आहे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. त्यात एक जमीनदार आपल्या तरुण बायकोला वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकवतो आणि दाखला देतो एका फिनिशियन जहाजाचा, जिथे इवल्या जागेत दोरखंडापासून मालापर्यंत सगळं असं रचलेलं असतं की वादळातही चटकन हाताला लागावं. आजच्या कुठल्याही पुस्तकात हे अर्थशास्त्र म्हणून बसणार नाही. पण नाव तिथून आलंय.

ॲरिस्टॉटल एक पाऊल पुढे जातो. तो म्हणतो, वहाणेचे उपयोग दोन: पायात घालणं आणि देऊन दुसरं काही घेणं. हा फरक पुढे दोन हजार वर्षं पुरला. उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य म्हणून तुमच्याही पुस्तकात असेल. घराला लागेल तेवढं मिळवणं त्याला नैसर्गिक वाटतं. पैशासाठी पैसा जमवत सुटणं ही त्याच्या लेखी वेगळीच विद्या, तिला तो ख्रेमाटिस्टिके म्हणतो आणि तिला अंत नाही म्हणून नाक मुरडतो. व्याजावर सगळ्यात जास्त राग, कारण तिथे पैशाला पैसा होतो. ग्रीकमध्ये व्याजाला शब्दच 'टोकोस', म्हणजे अपत्य.

आता आपला शब्द. कौटिल्याची व्याख्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या अधिकरणात आहे: 'मनुष्याणां वृत्तिरर्थः, मनुष्यवती भूमिरित्यर्थः'. माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसं राहतात ती भूमी म्हणजे अर्थ, आणि ती भूमी मिळवण्याचं व सांभाळण्याचं शास्त्र ते अर्थशास्त्र. म्हणजे प्रत्यक्षात राज्यशास्त्र! कर आहेत, वजनमापं आहेत, खाणी आहेत, तसे हेर आणि किल्लेही आहेत. आजच्या विषयाच्या जास्त जवळचा शब्द त्याच ग्रंथात वेगळा आहे. शेती, पशुपालन आणि व्यापार या तिन्हीला मिळून तो 'वार्ता' म्हणतो. तो शब्द आपण बातम्यांना देऊन बसलो.

मराठीत हा विषय आला तेव्हा नाव ठरलेलं नव्हतंच. लोकहितवादींच्या १८४९ च्या पुस्तकाचं नाव 'लक्ष्मीज्ञान'. पुढे बराच काळ 'संपत्तिशास्त्र'ही चाले. 'अर्थशास्त्र' टिकलं, आणि त्याबरोबर हा गैरसमजही की कौटिल्य आणि मार्शल एकाच विषयाचे मास्तर होते.

वाटसरू
वाह, वाचनखूण साठवली. मला वाटतं व्याख्या बदलत गेल्या कारण जग बदलत गेलं. एवढं सोपं आहे.

आकडेमोड
@वाटसरू, सोपं आहे पण पुरेसं नाही. जग बदललं हे खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचारणारा बदलला. आधी घरधनी विचारत होता, मग राजाचा कारभारी विचारू लागला.

१६१५ साली माँक्रेतिएँ नावाच्या फ्रेंच माणसाने पुस्तकाच्या शीर्षकात पहिल्यांदा 'राजकीय' हा शब्द 'इकॉनॉमी'ला जोडला. पॉलिटिकल इकॉनॉमी, म्हणजे अख्खं राज्य हेच एक घर समजून चालवणं. गृहस्थ मूळचा नाटककार. त्या काळातला प्रश्न राजाच्या तिजोरीचा होता. लढाया महाग झाल्या होत्या, सोनंचांदी देशात यावं आणि बाहेर जाऊ नये, निर्यात वाढावी, आयात रोखावी. याला पुढे व्यापारवाद म्हणाले.

मग विल्यम पेटी. शिक्षणाने वैद्य, ऑक्सफर्डला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, नंतर आयर्लंडच्या जमिनीची मोजणी केलेला माणूस. 'जास्त', 'कमी', 'उत्तम' असले शब्द नकोत, मी संख्या, वजन आणि माप यांतच बोलणार, अशी त्याची प्रतिज्ञा. या उद्योगाला त्याने नाव दिलं 'राजकीय अंकगणित'. राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज काढण्याचा पहिला प्रयत्न त्याचाच, १६६० च्या दशकात: इंग्लंड-वेल्ससाठी वर्षाला ४ कोटी पौंड. पाटीपेन्सिल, तुमच्या आलेखांचे पूर्वज इथे आहेत.

तिसरा केने. हाही वैद्य, पंधराव्या लुईच्या दरबारातला. १७५८ मध्ये त्याने एक तक्ता काढला: शेतकरी, जमीनमालक आणि कारागीर-व्यापारी यांच्यात वर्षभराचं उत्पन्न कसं फिरतं ते वाकड्यातिकड्या रेघांनी दाखवणारा. रक्ताभिसरण डोळ्यांपुढे ठेवून तो तक्ता पाहिला की लगेच उलगडतो. त्याच्या मते भर घालते ती फक्त शेती. कारागिरांच्या वर्गाला त्याने चक्क 'वांझ' म्हटलं. चूक होती. पण समाजाचे सगळे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एका टोकाला ओढलं तर दुसऱ्या टोकाला हलतं, हे एका कागदावर पहिल्यांदा त्याने मांडलं. माझ्या मते शास्त्राचा जन्म शोधायचाच असेल तर १७७६ पेक्षा १७५८ धरावा.

कुंपणावरचा
म्हणजे एक नाटककार, दोन डॉक्टर आणि एक जहाजाची मांडणी शिकवणारा नवरा. यात अर्थतज्ज्ञ कुठे आहे?

जुनेपान
नव्हताच. तो पेशाच नव्हता. स्मिथही ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. ब्रिटनमध्ये या विषयाचं अध्यापकपद पहिल्यांदा मिळालं माल्थसला, १८०५ मध्ये, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात, जिथे कंपनीचे भावी कारकून-कलेक्टर घडवले जात.

तिरकीरेघ
स्मिथवर बोलायचं राहून जातंय आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त अन्याय झालाय.

'अर्थशास्त्र म्हणजे संपत्तीचं शास्त्र' ही व्याख्या त्याच्या ग्रंथाच्या ('वेल्थ ऑफ नेशन्स', म्हणजे राष्ट्रांची संपत्ती) लांबलचक नावावरून पुस्तकवाल्यांनी काढलीय. त्याची स्वतःची व्याख्या चौथ्या भागाच्या सुरुवातीला आहे. तिथे तो म्हणतो की राजकीय अर्थशास्त्र ही राज्यकर्त्याच्या, कायदे करणाऱ्याच्या विद्येची एक शाखा आहे. तिची उद्दिष्टं दोन: लोकांना भरपूर उपजीविका मिळावी, किंवा नेमकं म्हणजे ती त्यांची त्यांना मिळवता यावी, आणि सार्वजनिक कामांपुरतं उत्पन्न राज्याला मिळावं. सोन्याचा ढीग कुठे आला यात? उलट सोन्याच्या ढिगालाच संपत्ती समजणाऱ्यांना झोडपण्यात त्याने शेकडो पानं घातली आहेत.

टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. एक टाचणी करायची तर सुमारे १८ वेगवेगळी कामं. ती वाटून घेतली की १० माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, एकेकट्याने सगळं करायला बसलं तर दिवसाला २० सुद्धा होणार नाहीत. ही श्रमविभागणी. पण पाचव्या भागात तोच स्मिथ लिहितो की आयुष्यभर एकदोन सोप्या क्रिया करत राहिलेल्या माणसाची बुद्धी मंदावते, त्याला धड संभाषण करता येत नाही की स्वतःपुरता निर्णय घेता येत नाही, म्हणून राज्याने शिक्षणात लक्ष घालावं. पहिला भाग प्रश्नपत्रिकेत येतो. पाचवा येत नाही.

आणि तो 'अदृश्य हात', म्हणजे जो तो आपलं हित पाहतो आणि त्यातून नकळत समाजाचंही साधतं ही कल्पना. त्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो! त्याआधी १७५९ साली त्याने नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला, त्याचं पहिलंच वाक्य असं की माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याला गुंतवणारं काहीतरी त्याच्या स्वभावातच असतं. याला सामाजिक शास्त्र नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

वाटसरू
पण अर्थशास्त्राला 'उदास शास्त्र' म्हणतात ना? माल्थसने लोकसंख्येचं भाकीत केलं, सगळे उपाशी मरणार म्हणाला, त्यावरून कार्लाइल या लेखकाने ते नाव ठेवलं.

जुनेपान
असं सगळीकडे छापलेलं असतं, पण तसं नाही. तो शब्दप्रयोग कार्लाइलच्या १८४९ च्या एका लेखातला आहे आणि तो लेख आहे वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या गुलामांवर. कार्लाइलचं म्हणणं होतं की काळ्या माणसांना सक्तीने कामाला लावावं. अर्थशास्त्री मात्र मागणी-पुरवठ्याच्या नियमावर बोट ठेवून म्हणत की माणसांना त्यांच्या मर्जीने मजुरी ठरवू द्या. म्हणून ते शास्त्र त्याला उदास वाटलं. ही शिवी मानाने मिरवायला हरकत नसावी.

वाटसरू
अरेच्चा. इतकी वर्षं मी उलटंच सांगत आलो. धन्यवाद.

सांजवात
उशिरा आले धाग्यावर. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते, तेव्हा मार्शल-रॉबिन्सची बाजू माझ्याकडे.

स्मिथनंतर रिकार्डोने १८१७ मध्ये प्रश्न फिरवला. उत्पादन किती झालं यापेक्षा ते जमीनदार, भांडवलदार आणि मजूर यांच्यात कसं वाटलं जातं, त्याचे नियम शोधणं हेच मुख्य काम, असं तो प्रस्तावनेतच म्हणतो. मार्क्सने तोच धागा पकडून वेगळ्या गावाला नेला. म्हणजे १८७० पर्यंत या विषयातली पात्रं म्हणजे वर्ग होते.

१८७१ ला नाटकच बदललं. इंग्लंडमध्ये जेव्हन्स, व्हिएन्नात मेंगर आणि तीन वर्षांनी लोझानला वालरा. तिघांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच गोष्ट सांगितली: वस्तूचं मूल्य तिच्यातल्या श्रमात शोधू नका, शेवटच्या नगाच्या उपयोगितेत शोधा. पाणी जीव वाचवतं तरी स्वस्त, हिरा काही कामाचा नाही तरी महाग, हे कोडं स्मिथलाही पडलं होतं. उत्तर असं की आपण 'सगळं पाणी की सगळे हिरे' अशी निवड कधी करतच नाही. आणखी एक पेला पाणी की आणखी एक हिरा, एवढंच ठरवतो, आणि पाणी मुबलक असल्याने त्या आणखी एका पेल्याचं मोल नगण्य. ही सीमान्त उपयोगिता. 'आणखी एक' म्हटलं की भौतिकशास्त्रवाल्यांना लगेच कलन (कॅल्क्युलस) आठवेल. आठवायलाच हवं. आलेख इथून आत शिरले आणि वर्ग बाहेर गेले. त्यांच्या जागी आला एकटा ग्राहक.

नावही याच सुमारास बदललं. गणित, नीतिशास्त्र यांच्या इंग्रजी नावांसारखं 'इकॉनॉमिक्स' म्हणावं, दोन शब्दांचं जुनं नाव सोडावं, अशी शिफारस जेव्हन्सने १८७९ मध्ये केली. मार्शलच्या १८९० च्या ग्रंथाने ते रूढ केलं. मार्शलची व्याख्या मला अजूनही आवडते: रोजच्या जगण्याच्या व्यवहारातल्या माणसाचा अभ्यास. पुढे तो म्हणतो की हा एका अंगाने संपत्तीचा अभ्यास, पण दुसऱ्या आणि अधिक महत्त्वाच्या अंगाने माणसाच्या अभ्यासाचा भाग.

रॉबिन्सला हे फार सैल वाटलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला तिशीतला प्राध्यापक, १९३२ साल. त्याचा मुद्दा बिनतोड होता. नर्तकीचं नृत्य काही 'भौतिक' नाही, तरी त्याला किंमत आहे. युद्धाने कल्याण होत नाही, तरी युद्धाचं अर्थशास्त्र असतंच. तेव्हा कल्याण वगैरे सोडा. साध्यं अनेक, साधनं मोजकी आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग, अशा स्थितीत माणूस कसा वागतो त्याचं हे शास्त्र. दिवसाच्या चोवीस तासांपासून देशाच्या पोलादापर्यंत सगळं यात बसतं.

फक्त साल बघा. १९३२. महामंदीचा तळ. कामगार रिकामे, कारखाने बंद, आणि व्याख्या सांगते की साधनं अपुरी आहेत! पुढे जोन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं यावर बोट ठेवलं. चारच वर्षांनी केन्सचा ग्रंथ आला, आणि साधनं पडून का राहतात हाच त्याचा विषय.

पाटीपेन्सिल
हे आमच्या पुस्तकात 'टीका: ५ मुद्दे' असं उरकलंय :( आता जरा चित्र दिसतंय. व्याख्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत, प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे.

पण 'सामाजिक'वर अजून अडलेय. माणसांचा अभ्यास म्हणून सामाजिक, एवढंच असेल तर वैद्यकशास्त्रही सामाजिक ठरेल.

आकडेमोड
नाही, कारण यकृत वैद्यकाचं पुस्तक वाचत नाही.

'उद्या पाऊस पडेल' असं वेधशाळेने सांगितल्याने ढगाला काही फरक पडत नाही. 'अमुक बँक बुडणार' अशी आवई उठली की ठेवीदार रांगा लावतात आणि धडधाकट बँकही बुडते. भाकीत हीच घटना होते. उलटही घडतं. यंदा एखाद्या पिकाला चढा भाव मिळाला म्हणून सगळे तेच पीक लावतात आणि पुढच्या हंगामात भाव कोसळतो. अभ्यासाची वस्तू तुमचं बोलणं ऐकतेय, आणि शेजारी काय करेल याचा अंदाज घेऊन स्वतःचं वागणं ठरवतेय. माझ्या दृष्टीने 'सामाजिक' शब्दाचं सगळं वजन इथे आहे. धोरणालाही हेच लागू. जुन्या आकड्यांवरून नियम काढून धोरण आखलं की लोक धोरण पाहून वागणं बदलतात आणि तो नियमच मोडतो. रॉबर्ट लुकास या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हे नीट मांडलं.

दुसरी अडचण प्रयोगाची. देशाची दोन रूपं करून एकात किमान वेतन वाढवा, दुसऱ्यात नको, असं करता येत नाही. मग योगायोगाने घडलेले प्रयोग शोधावे लागतात. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची पाहणी केली. पाठ्यपुस्तकानुसार न्यू जर्सीत रोजगार घटायला हवा होता. तसं आढळलं नाही. त्यावरचा वाद आजही चालू आहे, पण पद्धत रुजली. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

कुंपणावरचा
नोबेल नव्हे. आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रात अर्थशास्त्र नाहीच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये नोबेलच्या स्मरणार्थ पारितोषिक सुरू केलं, १९६९ पासून देतात. शास्त्र म्हणून मिरवायची हौस, दुसरं काय. हलके घ्या.

आकडेमोड
तपशील बरोबर, टोमणा मान्य. पण तेच पारितोषिक २००२ मध्ये काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला आणि २००९ मध्ये ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या विदुषीला मिळालंय. ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की सामाईक कुरणं, जंगलं, पाणी लोक आपसांत नियम ठरवून पिढ्यानपिढ्या सांभाळतात. ना बाजार, ना सरकार. कुंपण तुम्ही समजता तेवढं उंच नाही.

सांजवात
माझा एक मुद्दा राहिला, जुनेपान यांच्या पहिल्या प्रतिसादावरून सुचलेला. विषयाचं नाव 'घर' या शब्दावरून आलं आणि पुढे घरच हिशेबाबाहेर गेलं. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये यावर छान चिमटा काढलाय: एखाद्याने पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, घर तेच, पगार थांबला म्हणून आकडा खाली. १९३४ मध्ये कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल केला, तेव्हा घरातलं बिनपगारी काम बाहेर ठेवावं लागल्याचं त्यात सांगितलं, आणि या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ताडता येणार नाही असंही बजावलं. अहवालातला आकडा सगळ्यांनी उचलला, सूचना तिथेच राहिली.

पाटीपेन्सिल, हे वर्गात सांगितलं की हमखास शांतता पसरते. या विषयाच्या नावात झेनोफॉनची ती तरुण बायको आहे, आजच्या सकल देशांतर्गत उत्पादनात नाही.



पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, मागितलं त्याच्या चौपट मिळालं. परीक्षेत मात्र 'अर्थशास्त्राचे जनक कोण' आलं तर निमूट स्मिथ लिहिणार.

कुंपणावरचा
आणि 'जननी कोण' आलं तर?

जुनेपान
तुम्ही गमतीत विचारताय, पण नाव आहे. जेन मार्सेट. १८१६ मध्ये तिने राजकीय अर्थशास्त्रावर संवादरूप पुस्तक निनावी छापलं. मिसेस बी. नावाच्या शिक्षिका आणि कॅरोलाइन नावाची शंकेखोर मुलगी. कॅरोलाइन प्रश्न विचारते, अडते, वाद घालते. रिकार्डोचा मुख्य ग्रंथ यायच्या एक वर्ष आधी या बाईने तो विषय सामान्य वाचकाच्या हातात दिला.

पाटीपेन्सिल
थांबा, मार्सेट? रसायनशास्त्राच्या संवादांचं पुस्तक लिहिणारी? पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना फॅरडेने जे वाचलं ती?

जुनेपान
तीच. दोन्हीकडे मिसेस बी. आणि कॅरोलाइनच आहेत.

पाटीपेन्सिल
मग झालं तर. पहिलं प्रकरण संपलं, दुसऱ्याचं नाव 'मागणीचा नियम'. रविवारी शंका घेऊन येते.